बॉनेटवर फुगा येतो कुठून? विनाइल रॅपचं काम, पहिल्या धुण्यापासून शेवटच्या शेकापर्यंत

रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची विनाइलची रंगीत फिल्म, लावून नेलेली गाडी आठ दिवसांनी परत येते तेव्हा मालकाचं बोट बहुधा दोनच ठिकाणी जातं. बॉनेटच्या मधोमध आलेला फुगा, नाहीतर आरशाच्या कडेला सुटलेली फिल्म. दोन्ही वेळा त्याचा समज एकच असतो: लावणाऱ्यानं स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबून बसवायची पट्टी, नीट फिरवली नाही. मी कोल्हापुरात हे काम करतो. माझे स्वतःचे आणि इतरांचे बिघडलेले पुष्कळ रॅप मी सोलून काढलेत. सोललेली फिल्म उलटी धरली की कारण डोळ्यांसमोर येतं. कुठे मेणाचा तेलकट थर, कुठे बीडिंगमधून (कडेच्या रबरी पट्टीतून) उतरलेलं पाणी, कुठे राखेचा कण, कुठे ताणाच्या पांढुरक्या रेघा. स्क्वीजीची चूक फार क्वचित सापडते. म्हणून या लेखात फिल्म चिकटवण्याच्या तासाभरापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांबद्दल जास्त लिहिलंय.

उदाहरण एका छोट्या हॅचबॅकच्या बॉनेटचं घेतो. पहिलं काम करणाऱ्यानं बॉनेट किंवा टपापासूनच सुरुवात करावी. बंपर आणि आरसे मागाहून.

फिल्म: लाटलेली की ओतलेली

बाजारात विनाइल दोन प्रकारचं मिळतं. कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरांमधून लाटून काढतात, पोळी लाटावी तशी. लाटताना तिच्यात ताण कोंडला जातो आणि ऊन लागलं की ती आखडायला बघते. कास्ट फिल्म मात्र ओततात. पातळ पीव्हीसी गुळगुळीत कागदावर पसरून भट्टीत वाळवतात, तव्यावर घावन घालावं तसं. तिच्यात कोंडलेला ताण जवळजवळ नसतो, म्हणून वळणावर ती बसते आणि बसल्या जागी राहते. कास्ट फिल्म नुसती ५० मायक्रॉनच्या आसपास जाड असते, गोंद धरून ८० ते ९०. कॅलेंडर्ड त्याहून जाड आणि ताठ. टेम्पोच्या सपाट बाजूवर दुकानाचं नाव लावायला कॅलेंडर्ड उत्तम चालते. पण बॉनेटची वळणं, कडा, खाचा यांना कास्टच हवी. रेडियमवाल्याकडचा स्वस्त रोल घेऊन अख्खी गाडी गुंडाळायला निघालेल्यांना मी दरवेळी थांबवतो. तो रोल वर्षभरात कडांवरून मागे सरकतो आणि मूळ रंगाची रेघ उघडी पडते.

थ्रीएमची २०८०, एव्हरी डेनिसनची एसडब्ल्यू९००, ओराफोलची ओराकल ९७०आरए या सगळ्या कास्ट फिल्म आहेत. त्यांच्या गोंदात हवा बाहेर जायला बारीक जाळीदार वाटा ठेवलेल्या असतात. नवशिक्यानं अशा वाटा असलेलीच फिल्म घ्यावी, कारण अडकलेली हवा मग बोटानं कडेपर्यंत ढकलता येते. रंग ग्लॉस (चकचकीत) किंवा सॅटिन (मंद चमकेचा) असावा. क्रोम फिल्म तर अनुभवी हातालाही रडवते.

रोलची रुंदी बहुधा १.५२ मीटर, म्हणजे पाच फूट असते. बॉनेट मोजताना चारही बाजूंना आठ-दहा सेंटिमीटर जास्त धरा. फिल्म वाचवायला कडेला दोन सेंटिमीटर ठेवणाऱ्याला पकडायलाच काही उरत नाही. मेटॅलिक किंवा कार्बनची नक्षी असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेनं कापा, नाहीतर दार आणि फेंडर दोन वेगळ्या गाड्यांचे दिसतात.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवतो. साबणाचं पाणी मारून फिल्म सरकवत बसवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते पीपीएफचे, म्हणजे रंग वाचवणाऱ्या पारदर्शक जाड फिल्मचे असतात. हवेच्या वाटा असलेला रंगीत रॅप कोरडाच लावायचा. त्या वाटांत पाणी शिरलं की गोंद धरत नाही आणि पाणी आतच राहतं.

आधी खालचा रंग तपासा

फिल्म रंगाला धरते आणि रंग पत्र्याला. रंगच सैल असेल तर वरची मेहनत वाया. कंपनीतून आलेला मूळ रंग सगळ्यात भरवशाचा. डेंटिंग-पेंटिंग झालेला पॅनेल असेल तर रंग पूर्ण पिकायला किमान महिनाभर द्या. ताज्या रंगातून थिनरची वाफ बरेच दिवस निघत राहते. वर फिल्म असली की तिला वाट मिळत नाही आणि कामानंतर आठ-दहा दिवसांनी मोहरीएवढे फुगे झुंडीनं उठतात. माझ्याकडे एक गाडी अशीच परत आली होती. बॉनेट मूळ रंगाचं आहे असं मालक म्हणाला, मीही पुढे पाहिलं नाही. फिल्म सोलताना तिच्याबरोबर रंगाचे पापुद्रे आले. तेव्हापासून मी कुणाच्या सांगण्यावर जात नाही. बीडिंगवर रंगाचे शिंतोडे आहेत का, बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग पान्यानं उडालाय का, आतल्या आणि बाहेरच्या रंगात फरक आहे का, हे बघतो. मग न दिसणाऱ्या कोपऱ्यात चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढतो. पट्टीला रंग लागून आला तर त्या पॅनेलला मी हात लावत नाही.

खडीनं उडालेले टवके, गंजाचे ठिपके, पुटीची खडबड हे सगळं फिल्मखालून उठून दिसतं, ग्लॉस फिल्ममध्ये तर जास्तच. रॅप व्यंग झाकतो असं समजू नका. खडबडीत काळ्या प्लॅस्टिकवर ही फिल्म धरत नाही, तो भाग सोडून द्या. आणि गाडीवर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावरचा गुळगुळीत संरक्षक थर, असेल तर ते आधी पॉलिश करून पूर्ण उतरवावं लागतं.

जागा

बंद गॅरेज, २० ते २५ अंश तापमान आणि भरपूर उजेड. याहून थंडीत फिल्म ताठ होते आणि गोंद पकडत नाही. उन्हात तापलेल्या पत्र्यावर गोंद लगेच इतका चावतो की फिल्म उचलून पुन्हा ठेवता येत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे काम पहाटे करावं आणि गाडी रात्रभर सावलीत ठेवलेली असावी. कामाआधी फरशीवर पाण्याचा सडा मारा, धूळ बसते. पंखा बंद. पंखा फिल्म फडफडवतो आणि धूळही आणतो. पाठीचा कागद सोलताना फिल्मवर स्थिर वीज तयार होते, त्यामुळे हवेतला केस न् कण तिच्याकडे ओढला जातो. लोकरी स्वेटर घालून तर या कामाला उभंच राहू नये.

त्याच छताखाली कुणी डॅशबोर्ड पॉलिश किंवा टायर पॉलिशचा स्प्रे मारत असेल तर त्याला थांबवा. त्यात सिलिकॉन असतं. त्याचा न दिसणारा फवारा पॅनेलवर बसला की तिथे गोंद धरतच नाही.

धुणं: अर्धा दिवस इथेच द्या

पहिलं धुणं साध्या शाम्पूनं, मेण नसलेल्या. बॉनेट उघडून कडांच्या खालची बाजू, बिजागरीजवळची जागा, ग्रिलच्या वरची खाच, सगळं. फिल्म शेवटी तिथेच वळून चिकटणार असते आणि मळ नेमका तिथे असतो.

धुऊन झाल्यावर ओल्या पत्र्यावर उघडा तळवा फिरवून बघा. खरखरीत लागलं तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेला मळ ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, घ्या. आमच्याकडे ऊसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या चिमणीतून बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काळी राख उडते आणि रात्रभर बाहेर राहिलेल्या गाडीवर बसते. ब्रेकचा लोखंडी चुरा, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक हे शाम्पूनं निघत नाही. क्ले बार ओला ठेवून हलक्या हातानं फिरवा, मातीला काळं लागलं की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्या. तळवा काचेवर फिरल्यासारखा सरकला की थांबा.

आता तेलकटपणा. इथे पुष्कळ जण रॉकेल किंवा पेट्रोलचा बोळा फिरवतात. दोन्ही वाळल्यावर मागे तेलकट थर सोडतात. थिनर रंगच खातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ७० टक्के अल्कोहोल आणि ३० टक्के पाणी. धागे न सुटणाऱ्या दोन फडक्यांपैकी एकानं ओलं पुसा आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं टिपून घ्या. नुसतं सुकू दिलं तर विरघळलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं. कडांना बोटाभोवती फडकं गुंडाळून दोनदा पुसा. अल्कोहोल पेट घेतं. बाटलीचं झाकण लावून ती दूर ठेवल्याशिवाय हीटगन (गरम हवेचा झोत सोडणारं हत्यार) सुरू करू नका.

पावसाळ्यात एक जास्तीचं काम असतं. बीडिंग, वायपरखालची जाळी, पाण्याचा नोझल यांत पाणी दडून बसतं आणि हीटगनची हवा लागली की नेमकं फिल्मखाली उतरतं. अशा दिवसांत मी गाडी आदल्या संध्याकाळी धुतो, बॉनेट रात्रभर उघडं ठेवतो आणि सकाळी खाचांवरून कोमट हवा फिरवून घेतो. कंपनीचा लोगो आणि नोझल निघत असतील तर काढून ठेवा. त्यांच्याभोवती कापत बसण्यापेक्षा ते सोपं आणि सुबक.

फिल्म अंथरणं

इथे दुसरा माणूस हवाच. हत्यारं आधी मांडून ठेवा: कडेला मऊ फेल्ट लावलेली स्क्वीजी, हीटगन, लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर, नवं पातं घातलेला कटर, लोहचुंबक, बिनशिवणीचे हातमोजे.

कापलेला तुकडा कागदासकट बॉनेटवर ठेवा, चारी बाजू सारख्या आल्या की मधल्या रेषेवर चुंबक लावा. अर्धी बाजू उचलून तेवढाच कागद सोला, कापून टाका. आता दोघांनी दोन कोपरे धरून फिल्म पत्र्याच्या वर अधांतरी ताठ करायची. सुरकुती उरता कामा नये, पण ओढाओढही नको. धुतलेली चादर झटकून दोघं धरतात तेवढाच ताण. तशी ती सावकाश खाली टेकवा. नीट टेकली तर स्क्वीजी लावायच्या आधीच बॉनेट काचेसारखं दिसतं. तसं दिसत नसेल तर स्क्वीजी उचलूच नका. फिल्म वर घ्या, पुन्हा ताठ करा, पुन्हा टेकवा. कास्ट फिल्म हे दोन-तीनदा सहन करते.

मग स्क्वीजी. मधल्या रेषेपासून बाहेर, पत्र्याशी साधारण ४५ अंशांचा कोन, प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर निम्मा चढलेला. हवेला नेहमी एक उघडी बाजू मिळाली पाहिजे. आधी कडा दाबून मग मध्यावर आलात तर हवा कोंडलीच. फेल्ट मधूनमधून तपासा, त्यात अडकलेला एक खडा सबंध बॉनेटवर ओरखडा काढतो. एक बाजू झाली की चुंबक काढा, उरलेला कागद सोला, तसंच दुसरीकडे.

पुढे सुरकुती धावताना दिसली की तिला स्क्वीजीनं चेपू नका. चेपलेली सुरकुती रेघ होऊन कायमची राहते. थांबा, फिल्म सुरकुतीच्या मागेपर्यंत उचला, १५-२० सेंटिमीटरवरून हीटगन फिरवत दोन-तीन सेकंद ऊब द्या. फिल्म डोळ्यांदेखत सपाट होते, कारण कास्ट फिल्मला आपला मूळ सपाट आकार आठवतो. मग पुन्हा टेकवा.

तिचं हे आठवणं लावताना आपल्या उपयोगी पडतं आणि नंतर आपल्याच विरुद्ध जातं. पुढचं सगळं त्यावरच आहे.

कोपरे आणि खाचा

बॉनेटच्या पुढच्या कोपऱ्यात तीन दिशांची फिल्म एका जागी जमा होते आणि तिथे सुरकुत्यांचा पंखा उघडतो. नवा माणूस फिल्म सरळ खाली ओढतो आणि सुरकुत्या वाढतात. कोपऱ्यापासून तिरकं, बाहेरच्या बाजूला ओढा, थोडी ऊब देत. ताण हातभर रुंदीत वाटला जावा, दोन बोटांच्या जागेत गोळा होऊ नये. रंग फिका पडला किंवा ग्लॉसवर संत्र्याच्या सालीसारखी खडबड आली म्हणजे फिल्म मर्यादेपलीकडे गेली. मॅट फिल्म जास्त तापली की तिथे चकाकणारा डाग पडतो आणि तो जात नाही.

खाचेच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. दोन्ही कडा चिकटवून मधली फिल्म खाली दाबली तर तेवढ्या पट्ट्यानंच सगळा ताण सोसायचा, आणि दोन उन्हं खाल्ली की ती पट्टी वर उठते. आजूबाजूची फिल्म मोकळी ठेवा, सैल फिल्म आधी खाचेच्या तळाला मोजा घातलेल्या बोटानं बसवा, मग तळातून वर आणि बाहेर या. खाच फारच खोल असेल, जशी बंपरच्या फॉगलॅम्पभोवती असते, तर तिथे वेगळा तुकडा आधी लावून त्यावर मुख्य फिल्मची कड चढवावी. जोड दिसेल म्हणून लोक कचरतात. नीट कापलेला जोड हातभर अंतरावरून दिसत नाही, उठलेली खाच मात्र रस्त्याच्या पलीकडून दिसते.

कडा कापताना

पातं रंगाला लागू द्यायचं नाही. बॉनेटला हे सोपं आहे: फिल्म कडेवरून खाली वळवा, खालच्या बाजूला सहा-आठ मिलिमीटर ठेवून तिथेच कापा. पाऊस आणि वारा कडेपर्यंतच येतात, वळलेला भाग आडोशाला राहतो. पॅनेलच्या मधोमध कापायची वेळ आली तर आत धागा असलेली टेप मिळते. ती फिल्मखाली चिकटवून ठेवायची आणि वरून धागा ओढला की फिल्म आतून चिरली जाते. ती थोडी महाग पडते. पण पात्यानं रंगावर काढलेली रेघ गंजायला सुरुवात होते आणि ते फिल्म काढेपर्यंत कळत नाही, हे लक्षात घेतलं तर स्वस्तच.

पात्याचं टोक दर दोन-तीन चिरांनंतर मोडून नवं घ्या. बोथट पातं फिल्म कापत नाही, फाडतं, आणि फाटलेली कड सोलायला आयतीच सापडते.

शेवटचा शेक

काम झालं, गाडी चमकतेय, मालक किल्ली मागतोय. बहुतेक रॅप याच घटकेला बिघडतात. जिथे जिथे फिल्म ताणली आहे तिथे तिला अजून जुना आकार आठवतोय. ती आठवण पुसायला एकदा खणखणीत तापवावं लागतं. कंपन्या याला पोस्ट-हीटिंग म्हणतात, आम्ही शेक देणं म्हणतो.

बहुतेक कास्ट फिल्मना ९० ते ११० अंश सेल्सियसपर्यंतचा शेक लागतो. नेमका आकडा फिल्मच्या तांत्रिक पत्रकात असतो, तोच धरा. हीटगन सावकाश पुढे नेत तिच्या मागोमाग थर्मामीटर फिरवा, म्हणजे फिल्म खरंच तेवढी तापली का ते कळतं. हाताला चटका बसला म्हणजे झालं असं मानू नका. हात ५०-६० अंशांनाच मागे येतो. एका जागी थांबू नका, फिल्म जळेल आणि प्लॅस्टिक वितळेल. कडा, कोपरे, खाचा, वळवलेला भाग, सगळं या शेकाखालून गेलं पाहिजे. सपाट मध्याला गरज नाही. शेक देताना एखादी कड उचलली गेली तर आनंद माना, ती गिऱ्हाइकाच्या दारात उचलली जाणार होती. उलट दिशेनं सैल करा, पुन्हा बसवा, पुन्हा शेका.

एवढं करूनही फुगा दिसला तर

आधी तो कशाचा आहे ते बोटानं ओळखा. मऊ दबतो तो हवेचा. हवेच्या वाटा असलेल्या फिल्ममध्ये मटकीएवढा असेल तर तो चार-सहा दिवस उन्हात गाडी फिरली की बरेचदा आपोआप बसतो. नाही बसला तर बारीक सुईनं फुग्याच्या कडेला तिरकं भोक पाडा, थोडी ऊब द्या, विरुद्ध बाजूनं बोटानं दाबत आणा. कटरनं चीर देऊ नका, ती रुंदावते. टणक टोचतो तो कण आहे. पहिल्या काही तासांत फिल्म उचलून काढता येतो, नंतर तसाच राहू द्यावा. दाबल्यावर सरकतं ते पाणी. कडेपर्यंत ढकलत न्या आणि ते आलं कुठून ते शोधा. आणि झुंडीनं आलेले बारीक फुगे खालच्या रंगाचे. तिथे सुई घेऊन बसण्यात अर्थ नाही, फिल्म काढून रंग पिकू द्यावा लागतो.

गोंदाची पकड पूर्ण यायला वेळ लागतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस गाडी धुऊ नका. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवून बघा. पुढेही प्रेशर वॉशरची धार कडेवर जवळून आणि तिरकी मारू नये. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी पुसावी. टप आणि बॉनेटवर ऊन थेट पडतं, म्हणून तिथली फिल्म दारांवरच्या फिल्मआधी थकते. कंपन्याही आडव्या भागांची वॉरंटी उभ्या भागांहून कमी वर्षांची देतात.

अख्ख्या गाडीचा रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करून परवानगी आणि आरसीवर नोंद करून घ्या, विमा कंपनीलाही कळवा. आरसीवर एक रंग आणि रस्त्यावर दुसरा असला तर अडवलं जाणारच. सैन्याचा ऑलिव्ह हिरवा रंग तर खासगी गाडीला चालतच नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं स्पष्ट आहे.

रॅप कधी काढायचा तेही लावतानाच ठरवून ठेवा. जर्मनीत टॅक्सीचा हस्तिदंती रंग बऱ्याचदा फिल्मनंच देतात आणि गाडी विकताना ती सोलून खालचा मूळ रंग मोकळा करतात. ते जमतं कारण फिल्मचं आयुष्य संपायच्या आत ती निघते. करकरीत वाळलेली, भेगा पडलेली फिल्म नखाएवढ्या तुकड्यांत निघते आणि गोंद मागे राहतो. काढताना कोपऱ्यापासून कोमट करत या आणि फिल्म पत्र्याला जवळजवळ समांतर ठेवून, मागे दुमडत, सावकाश ओढा. गोंदाचे डाग राहिले तर गोंद काढायचं द्रावण लावून पाच मिनिटं मुरू द्या, मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं सारा आणि अल्कोहोलनं पुसा. खाली जो रंग दिसेल तो शेजारच्या उघड्या पॅनेलपेक्षा किंचित गडद असू शकतो. त्याला इतकी वर्षं ऊन लागलेलं नसतं.